दुसरा स्पर्श

(सहाय्यक बंधुभगिनींच्या वार्षिक मेळाव्यात दिलेला संदेश. शास्त्रपाठ : मार्ककृत शुभवर्तमान ८:२२-२६)



मी पाळक नाही, परिचारिका आहे. माझ्या सेवेचा बराचसा काळ डोळ्यांच्या रुग्णांमध्ये, त्यातही पाड्यांवरून येणाऱ्या आदिवासी रुग्णांमध्ये गेला. म्हणून या मेळाव्यात वचनावर बोला असे सांगण्यात आले, तेव्हा माझे मन साहजिकच आंधळ्यांच्या गोष्टींकडे वळले. शुभवर्तमानांत त्या पुष्कळ आहेत. यरीहोच्या वाटेवर ओरडणारा बार्तीमय आपल्याला ठाऊक आहे. योहानाच्या नवव्या अध्यायातला, शिलोहाच्या तळ्यावर डोळे धुऊन आलेला जन्मांधही ठाऊक आहे. मी मात्र त्यांच्यापेक्षा लहान आणि कमी परिचयाची गोष्ट घेतली आहे. ती केवळ पाच वचनांची आहे आणि एकट्या मार्काने सांगितली आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ती नाही.

संडेस्कूलमध्ये ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण ती थोडी अडचणीची वाटते. प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि तो अर्धाच बरा झाला. मग प्रभूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्याला स्पष्ट दिसू लागले. वादळाला एका शब्दाने शांत करणाऱ्या प्रभूला इथे दोनदा हात का ठेवावे लागले, असा प्रश्न मनात येतो. मला वाटते, प्रभूचे सामर्थ्य कमी पडले म्हणून असे झाले नाही. शिष्यांना, आणि आज आपल्याला, काहीतरी दाखवायचे होते म्हणून झाले.

गोष्ट कुठे घडली

बेथसैदा हे गालील समुद्राच्या उत्तरेकडचे गाव. यार्देन नदी जिथे समुद्राला मिळते त्या भागातले. बेथसैदा म्हणजे मासेमारीचे घर, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. फिलिप्प, अंद्रिया आणि पेत्र हे या गावचे, असे योहान पहिल्या अध्यायात सांगतो. हेरोदाचा मुलगा फिलिप्प याने या गावाला शहराचा दर्जा देऊन त्याचे नाव ज्यूलियास ठेवले, असे यहुदी इतिहासकार योसेफसने लिहून ठेवले आहे. मार्क मात्र या गोष्टीत त्याला साधे गाव म्हणतो.

या गावाने फार काही पाहिले होते. पाच हजारांना जेवू घातले ते याच परिसरात, असे लूक सांगतो. तरी मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभूने ज्या गावांबद्दल हळहळ व्यक्त केली, त्यांत खोराजिनाबरोबर बेथसैदाचेही नाव आहे. इतकी कृत्ये डोळ्यांदेखत होऊनही गाव बदलले नाही. डोळे असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेथसैदावरून कळते.

मार्काने ही गोष्ट कुठे ठेवली आहे, तेही पाहा. तिच्या अगदी आधी शिष्य तारवात बसले आहेत. जवळ एकच भाकर आहे आणि भाकरी आणायच्या राहिल्या म्हणून ते काळजीत आहेत. पाच हजारांची आणि चार हजारांची भूक भागलेली पाहिलेले हे लोक! प्रभू त्यांना विचारतो की तुम्हांला डोळे असून दिसत नाही काय. त्या प्रश्नानंतर ते बेथसैदाला उतरतात आणि लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. म्हणजे आंधळा एकटा तो नव्हता. तारवातून उतरलेले बाराही जण थोडेफार त्याच्यासारखेच होते.

कोणीतरी आणले

पहिला धडा आणणाऱ्या माणसांचा. ती कोण होती, शेजारी की भाऊबंद, किती होती, मार्क काहीच सांगत नाही. त्यांनी त्या माणसाला आणले आणि याला स्पर्श कर अशी विनंती केली, इतकेच आपल्याला कळते. त्यानंतर ती माणसे गोष्टीतून दिसेनाशी होतात. बरे झालेला माणूस पाहायला ती तिथे होती की नाही, हेही लिहिलेले नाही.

बंधुभगिनींनो, आपले काम बहुतेक याच प्रकारचे आहे. आपण बरे करत नाही, आपण आणतो. डोंगरातल्या पाड्यावरून एका म्हातारीला शस्त्रक्रियेसाठी आणायचे म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पाड्यापासून सडकेपर्यंत दोन तास चालायचे. दिवसातून एकदा येणारी बस गाठायची. बरोबर यायला मुलगा किंवा सून हवी, म्हणजे त्यांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. घरी शेळ्या आहेत, त्या कोण सांभाळणार? शस्त्रक्रिया फुकट आहे म्हणून चालत नाही, तिथवर पोहोचणे फुकट नसते. आशाताई चार वेळा घरी जाऊन समजूत घालते, शेजारीण शेळ्या सांभाळते, कोणी मोटारसायकलवरून सडकेला सोडते, आणि तुमच्यातले कोणी दरमहा काही रक्कम पाठवते, तेव्हा एक माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचतो. या साखळीतल्या एकाही माणसाचे नाव रुग्णाच्या कागदावर येत नाही. बेथसैदाच्या त्या माणसांचीही नावे आली नाहीत. प्रभूला मात्र ती ठाऊक आहेत.

त्या माणसांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. त्यांनी स्पर्शाची विनंती केली, पण तो कसा करावा, कुठे करावा, किती वेळात फळ दिसावे, हे प्रभूला सांगितले नाही. देणाऱ्याला आपल्या देणगीचे फळ लगेच पाहावेसे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण आणल्यानंतर हात सोडून देणे हाही विश्वासाचाच भाग आहे.

हात धरून गावाबाहेर

दुसरा धडा त्या वाटचालीचा. प्रभूने त्या आंधळ्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेर नेले.

हे वचन आपण घाईने वाचून पुढे जातो, पण जरा थांबून पाहू. गाव पार करायला वेळ लागला असेल. वाटेत दगड असतील, उतार असेल. ज्याच्या शब्दाने वारा थांबला तो इथे एका परक्या आंधळ्याचा हात धरून, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून हळूहळू चालतो आहे. आंधळ्याला घेऊन चाललेला माणूस आपल्या वेगाने चालू शकत नाही, हे मी रोज पाहते. घाईने ओढले तर रुग्ण घाबरतो आणि पाय रोवून उभा राहतो. आपला हात त्याला धरू दिला, पायरी आली की सांगितले, तर तो निर्धास्त चालतो. बरे होण्याआधीच त्या माणसाला प्रभूकडून काहीतरी मिळाले होते. त्याला सोबत मिळाली होती.

आणि गावाबाहेर का? मार्क कारण देत नाही. पण याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसालाही प्रभूने गर्दीपासून बाजूला नेले आहे. मला यात रुग्णाची अब्रू राखलेली दिसते. हा माणूस आजवर सगळ्या गावाच्या नजरेखाली जगला होता आणि त्याला स्वतःला कोणी दिसत नव्हते. त्याचे डोळे उघडतील तेव्हा सभोवती बघ्यांची गर्दी नसावी, समोर प्रभूचा चेहरा असावा, हे किती चांगले!

आपल्यासारख्या संस्थांनी आणि सहाय्यकांनी हे मनावर घ्यावे. आजाऱ्याचा, कुपोषित बाळाचा, फाटक्या कपड्यातल्या आईचा फोटो छापला की वाचकाला दया येते आणि मदतही येते. पण त्या आईला कोणी विचारले का? तिच्या बाळाचे ते हडकुळे अंग शेकडो अनोळखी घरांत पोहोचणार आहे, हे तिला समजावून सांगितले का? आपल्या स्वतःच्या मुलीचा तसा फोटो आपण छापू दिला असता का? प्रभूने त्या माणसाचे आंधळेपण कोणाला दाखवले नाही. मदत मिळाली म्हणून कोणाची लाज विकत घेता येत नाही, हे आपण त्या वाटेवरून शिकतो.

काही दिसते का?

तिसरा धडा प्रभूच्या प्रश्नाचा आणि त्या माणसाच्या उत्तराचा. प्रभूने त्याच्या डोळ्यांना थुंकी लावली, त्याच्यावर हात ठेवले आणि विचारले, तुला काही दिसते का? आरोग्यदानाच्या इतर गोष्टींत हात ठेवल्यावर प्रभूने रुग्णाला असे विचारलेले दिसत नाही. आणि तो माणूस खरे सांगतो. माणसे दिसतात, पण झाडांसारखी. ती चालताहेत म्हणून कळते की माणसे आहेत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पट्टी सोडतो. समोर बोटे धरून विचारतो, "किती बोटं?" पुष्कळ जण बोटे मोजण्याआधीच म्हणतात, "दिसतंय, सिस्टर. चांगलं दिसतंय." काहींना खरोखर दिसत असते. काहींना धूसरच दिसते, पण ते सांगायला त्यांना संकोच वाटतो. इतक्या लोकांनी इतके केले, डॉक्टर एवढ्या लांबून आले, आता नाही दिसत म्हणायचे कसे? गरिबाला उपकाराचे ओझे असते. ते ओझे त्याला खरे बोलू देत नाही. पण खरे कळले नाही तर डॉक्टर काय करणार? डोळ्यात दाह असेल, थेंब बदलायचे असतील, चष्मा लागणार असेल, तर ते त्या एका उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आम्ही पुन्हा विचारतो, जवळ बसून विचारतो, "नसेल दिसत तर नाही म्हणा, कोणी रागावणार नाही."

बेथसैदाच्या माणसापुढे आमच्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी मोठा वैद्य उभा होता. त्याच्यापुढे अर्धेच दिसते म्हणायला धीर लागतो. तो म्हणाला, आणि प्रभू रागावला नाही. तुझा विश्वास कमी आहे असे म्हणाला नाही. त्या खऱ्या उत्तरावर त्याने दुसरा स्पर्श दिला.

आपल्या मंडळ्यांतून साक्षी दिल्या जातात. पूर्ण बरा झालो, सगळे बदलले, अशी साक्ष ऐकायला आपल्याला आवडते. अर्धे बरे झालेल्याला मात्र उभे राहून बोलायला जागा नसते. याचा परिणाम कधीकधी जीवघेणा होतो. क्षयरोगाचेच पाहा. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. रुग्णाला वाटते, झालो बरा. त्यातच कोणी त्याला साक्ष द्यायला उभे केले, प्रभूने तुला पूर्ण बरे केले, आता गोळ्या कशाला असे सुचवले, तर तो गोळ्या सोडतो. रोग परत येतो, आणि परत आलेला रोग औषधांना जुमानेनासा होण्याची भीती असते. मग तो घरातल्या मुलांनाही लागतो. आपण प्रार्थना करावी, जरूर करावी. पण सहाव्या महिन्यातली शेवटची गोळी घेईपर्यंत त्या भावाला "अजून किती दिसतं?" असे विचारत राहणे, हीदेखील प्रार्थनेचीच बाजू आहे.

आपल्या अहवालांनाही हे लागू पडते. गेल्या तिमाहीत वसतिगृहात किती मुले आली हे आपण छापतो. किती मुले मध्येच सोडून गेली, हेही छापावे. ते वाचून सहाय्यकांनी मदत कमी करू नये. प्रार्थना वाढवावी.

झाडांसारखी माणसे

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते.

सन १७२८ मध्ये लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेसेल्डन यांनी एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हा मुलगा अगदी बालपणापासून आंधळा होता. सुमारे तेरा वर्षांचा असताना त्याच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याला दिसू लागले. पण जे दिसे ते काय आहे, हे त्याला कळेना. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो पुन्हा पुन्हा विसरे, आणि विचारायची त्याला लाज वाटे. एकदा त्याने मांजराला धरले, आपल्या सवयीप्रमाणे हातांनी चाचपले, मग त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि सोडून देताना म्हणाला की आता तुला पुढच्या वेळी ओळखीन. डोळ्यांत उजेड शिरणे ही पहिली पायरी असते. ओळख पटणे ही दुसरी, आणि तिला वेळ लागतो, जवळ जावे लागते.

बेथसैदाच्या माणसाला झाडे कशी असतात हे ठाऊक होते, म्हणजे कदाचित तो जन्मांध नसावा. पहिल्या स्पर्शानंतर त्याला आकार दिसला, हालचाल दिसली. चेहरे दिसले नाहीत.

आपण आदिवासी बंधुभगिनींकडे कसे पाहतो? पूर्वी पुष्कळांना ते दिसतच नव्हते. आपल्याला प्रभूने पहिला स्पर्श केला आहे. आपल्याला ते दिसतात, म्हणून तर आपण इथे जमलो आहोत. पण कसे दिसतात? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे एक कोटी पाच लाख लोक आहेत. वारली, कोकणा, भिल्ल, पावरा, ठाकर, कातकरी, कोरकू, गोंड, कोलाम, माडिया अशा कितीतरी जमाती, त्यांच्या बोली वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. आपण त्या सगळ्यांना मिळून एक शब्द वापरतो, आदिवासी, आणि आपल्या मनात एक चित्र उभे राहते. डोंगर, झाडी, त्यात चालणारे काही आकार. झाडांसारखी माणसे!

कातकऱ्यांचे उदाहरण घ्या. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, म्हणजे त्यांच्या जमातीचे नावच एका झाडावरून आले. जंगलाचे कायदे आले, खैर तोडणे बंद झाले, कात गेला आणि नाव तेवढे राहिले. आज रायगड, ठाणे, पालघर भागातली पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडण्यात हिवाळा-उन्हाळा जातो. मुले बरोबर जातात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. लांबून पाहणारा म्हणतो, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." ही झाली पहिल्या स्पर्शानंतरची नजर. जवळ गेलेल्याला दिसते की त्या आईलाही पोर शिकावे असे वाटते, पण भट्टीवर जाताना ते कोणाजवळ ठेवायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. ही नजर असेल तर आपण व्याख्यान देत नाही, भट्टीच्या मोसमात मुलांना राहायला जागा करतो.

एका नेत्रशिबिरात रुग्ण जास्त आणि वेळ थोडा होता. प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी लावून तिच्यावर क्रमांक लिहिला होता. शस्त्रक्रियेत गोंधळ होऊ नये म्हणून तो लागतोच. बाहेरून एका तरुण स्वयंसेवकाने हाक दिली, "सतरा नंबर!" सतरा क्रमांकाची म्हातारी जागची हलली नाही. त्याने तीन-चारदा पुकारले. मला वाटले, तिला ऐकू येत नसेल. मी जवळ जाऊन म्हटले, "आजी, तुम्हाला बोलावतायत." ती म्हणाली, "मला कुठं? त्यानं माझं नाव तर घेतलं नाही." तिला नीट ऐकू येत होते, आणि डोळ्यांनी दिसत नसूनही तिला एक गोष्ट आमच्याहून स्पष्ट दिसत होती. त्या पोराचे मला कौतुक वाटते, कारण त्याने लगेच वही उघडली आणि उरलेल्या सगळ्यांना नावाने हाका मारल्या. क्रमांक कपाळावर राहिले आणि नावे तोंडात आली. काम दहा मिनिटे लांबले असेल.

बेथसैदाचा दुसरा माणूस

आता मार्काचा पुढचा भाग पाहा. या गोष्टीनंतर लगेच प्रभू शिष्यांना घेऊन कैसरिया फिलिप्पीच्या बाजूला जातो आणि वाटेत विचारतो, मी कोण आहे असे तुम्ही म्हणता? पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. केवढे हे दर्शन! पण पुढच्याच क्षणी प्रभू आपल्या दुःखसहनाविषयी आणि मरणाविषयी बोलू लागतो, तेव्हा तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्राला ख्रिस्त दिसला होता, पण धूसर दिसला होता. राजा दिसला, वधस्तंभ दिसला नाही. आणि पेत्र कुठला? बेथसैदाचाच!

मार्काने हे शुभवर्तमान पेत्राच्या शिकवणीवरून लिहिले, अशी मंडळीतली फार जुनी परंपरा आहे. तसे असेल तर ही गोष्ट पेत्रानेच पुन्हा पुन्हा सांगितली असणार. मला वाटते, आपल्या गावच्या त्या माणसाविषयी सांगताना त्याला स्वतःचीच आठवण होत असेल.

यानंतर प्रभूने आपल्या मरणाविषयी आणखी दोनदा सांगितले. दोन्ही वेळा शिष्यांना आपल्यात मोठा कोण आणि उजव्या-डाव्या हाताला कोण बसणार, हेच दिसले. मोठेपणाची हाव असली की समोरचा माणूस झाडासारखा दिसतो. हे आपल्या सेवाकार्यातही होते. कोनशिलेवर कोणाचे नाव, व्यासपीठावर पहिली खुर्ची कोणाची, हार आधी कोणाला, यात आपण गुंतलो की ज्यांच्यासाठी वसतिगृह बांधले ती मुले मागच्या रांगेत उन्हात बसलेली असतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत.

पुन्हा हात ठेवले

प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. त्याने निरखून पाहिले, तो पूर्ववत झाला आणि त्याला सगळे स्पष्ट दिसू लागले. मूळ ग्रीक भाषेत इथे जो शब्द आहे त्यात लांबवरचेही लख्ख दिसण्याची छटा आहे, असे जाणकार सांगतात.

प्रभूला पुन्हा हात ठेवण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा? शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी पुन्हा जायचे. दारू सोडून पुन्हा प्यायला लागलेल्या भावाच्या शेजारी पुन्हा बसायचे. जातीच्या दाखल्यासाठी एकदा परत पाठवलेल्या माणसाबरोबर पुन्हा तहसील कचेरीत जायचे. नवी विहीर आटली तर पुन्हा पाहणी करायची. ही पुन्हा करायची कामे अहवालात उठून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी उद्‌घाटन नसते. पण बहुतेक माणसे दुसऱ्या, तिसऱ्या भेटीतच उभी राहतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या मराठी मंडळीला याचे मोठे उदाहरण लाभले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या स्त्रियांसाठी वेगळे घर केले आणि त्याला बार्तीमी सदन असे नाव दिले. तिथल्या स्त्रियांचे डोळे परत आले नाहीत. पण त्या ब्रेल लिपीत वाचायला शिकल्या, हातांनी काम करायला शिकल्या. ज्यांना गावाने आंधळी म्हणून कोपऱ्यात बसवले होते, त्यांच्यात रमाबाईंना वाचणारी, काम करणारी स्त्री दिसली. दुसऱ्या स्पर्शाची नजर म्हणतात ती हीच.

घरी पाठवले

शेवटचा धडा. बरे केल्यावर प्रभूने त्या माणसाला काय सांगितले? माझ्यामागे ये, असे सांगितले नाही. गावात जाऊन माझी कीर्ती कर, असेही नाही. गावात जाऊ नकोस असे सांगून त्याने त्याला घरी पाठवले. बार्तीमय बरा झाल्यावर आपण होऊन प्रभूच्या मागे वाटेने चालू लागला. प्रभूने त्याला अडवले नाही आणि बेथसैदाच्या माणसाला बांधून ठेवले नाही. दोघेही मोकळे होते.

आपली सेवाही अशीच असावी. दवाखान्यात येणारी बाई कोणत्या देवाला हात जोडते, हे औषध देताना विचारायचे नसते. मदतीच्या बदल्यात उपासनेला येण्याची अट घातली तर ती देणगी उरत नाही, तो सौदा होतो. प्रभूने कोणाशी सौदा केला नाही. आपली साक्ष आपल्या वागण्यात असू द्या. कोणी आपण होऊन विचारले तर आनंदाने सांगा. आणि जो बरा होऊन सरळ घरी गेला, त्याच्यासाठीही तितकाच आनंद करा. इतक्या वर्षांनी त्याला आपल्या घरच्यांचे चेहरे दिसणार आहेत.

बंधुभगिनींनो, आज घरी जाताना माझी तुमच्याकडे तीन मागणी आहेत. एक, ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करता त्यांच्यापैकी निदान एका माणसाचे नाव, त्याची परवानगी घेऊन, जाणून घ्या आणि नाव घेऊन प्रार्थना करा. दोन, वर्षातून एकदा तरी पाड्यावर या. काही वाटायला येऊ नका, त्यांच्या अंगणात बसून नाचणीची भाकर खायला या. तीन, आमच्या कार्यकर्त्यांना विचारा की यंदा काय जमले नाही. खरे उत्तर मिळाले तर त्यांचे आभार माना.

आता आपण प्रार्थना करू.

हे दयाळू प्रभू, तू आमच्या डोळ्यांवर एकदा हात ठेवलास, म्हणून आम्हांला आमच्या भावाबहिणींचे दुःख दिसू लागले. तुझे उपकार आम्ही मानतो. पण अजून आम्हांला नीट दिसत नाही. आम्हांला आकडे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. गरज दिसते, त्यांची बुद्धी, त्यांची कला, त्यांचा स्वाभिमान दिसत नाही. हे तुझ्यापुढे कबूल करायचा धीर आम्हांला दे. आमचा हात धर, आमच्या मोठेपणाच्या गावाबाहेर आम्हांला ने, आणि पुन्हा आमच्या डोळ्यांवर हात ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.